‘मुरी’ हा ‘लेस्ताका’चा अनुवाद नव्हे

पोलिश कवी-गायक यात्सेक काच्मार्स्कीचं नाव निघालं की पाठोपाठ एक वाक्य येतंच: ‘त्याने ल्युईस ल्याकच्या कातालान गाण्याचं पोलिश भाषांतर केलं आणि ते सॉलिडॅरिटीचं, म्हणजे पोलंडमधल्या कामगार चळवळीचं, गाणं झालं.’ यातला उत्तरार्ध खरा आहे, पूर्वार्ध साफ चूक. आणि त्या चुकीपायी उत्तरार्धात केवढं दुःख आहे तेही कुणाला दिसत नाही.

ल्याकचं ते गाणं ‘लेस्ताका’, म्हणजे खुंटा. बहुतेकांनी ऐकलेलं असतं, म्हणून थोडक्यात. साल १९६८, हुकूमशहा फ्रँकोचा स्पेन. दारात बसलेले सिसेतआजोबा आणि एक तरुण. आपण सगळे एकाच खुंट्याला बांधलेले. मी इकडून ओढतो, तू तिकडून ओढ, म्हणजे तो पडेलच. शेवटी आजोबा जातात, आणि नवी पोरं दारावरून जाताना तो तरुण आजोबांचं गाणं गाऊ लागतो.

काच्मार्स्कीचं गाणं ‘मुरी’, म्हणजे भिंती. खुंट्याच्या जागी भिंती आल्या, दहा वर्षं मध्ये गेली, भाषा बदलली. हे फरक किरकोळ आहेत. चालही ल्याकचीच.

खरा फरक गाणं कुणाविषयी आहे, यात आहे. १९७८ मध्ये काच्मार्स्की एकवीस वर्षांचा होता. चित्रकार आईवडिलांचा मुलगा, वॉर्सा विद्यापीठात पोलिश साहित्य शिकणारा. त्याच्या कानावर ल्याकच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण पडलं. त्यात गायकाचं गाणं श्रोते उचलून धरतात, हजारो गळे एकदम गाऊ लागतात. काच्मार्स्कीने ‘लेस्ताका’चे शब्द पोलिशमध्ये आणलेच नाहीत. त्याने लिहिलं ते त्या मैफलीविषयी. ‘मुरी’चा नायक बांधलेला माणूस नाही, गाणारा माणूस आहे.

तो तरुण आहे, भारावलेला आहे, समोर अगणित माणसं आहेत. तो गातो: गजांचे दात उपटा, बेड्या तोडा, भिंती कोसळतील. लोकांना गाणं पाठ होतं. मग नुसती चालही पुरते, शब्द लागत नाहीत. गर्दीला आपली संख्या कळते, ताकद कळते. ती रस्त्यावर उतरते, पुतळे पाडते, फरसबंदी उखडते आणि बोट दाखवू लागते: हा आपला, तो परका, आणि जो एकटा तो सर्वांत मोठा शत्रू. गायक तर एकटाच असतो.

आता पालुपदातले तीन शब्द कान देऊन ऐका. ल्याककडे ‘तोम्बा, तोम्बा, तोम्बा’: पडतोच, पडतोच, पडतोच. काच्मार्स्कीकडे त्याच सुरांवर ‘रुनों, रुनों, रुनों’: कोसळतील, कोसळतील, कोसळतील. इथवर अनुवाद वाटू शकतो. पण अगदी शेवटी, गायक गप्प उभा राहून गर्दीच्या पावलांचा दणदणाट ऐकत असताना, त्याच सुरांवर येतं ‘रोस्वी, रोस्वी, रोस्वी’: वाढत होत्या, वाढत होत्या, वाढत होत्या. तितकीच, दोनच अक्षरं, सुरुवातीला तोच ‘र’. भविष्यकाळाचा भूतकाळ होतो आणि कोसळणाऱ्या भिंती वाढू लागतात. गायकाच्या पायाशी साखळी हलत राहते. माझ्या मते पोलिश गीतलेखनातली ही सर्वांत धारदार जागा आहे, आणि भाषांतराचा शिक्का मारणारे नेमकी तीच गमावतात.

१९८० मध्ये पोलंडमध्ये संप सुरू झाले आणि लोकांनी हे गाणं उचललं. पालुपद सगळ्यांच्या तोंडी झालं, शेवटचं कडवं गळून पडलं. गाण्यात गायकाचं जे झालं तेच काच्मार्स्कीचं झालं, आणि हे त्याने स्वतः बोलून दाखवलं. ‘सॉलिडॅरिटीचा शाहीर’ हे बिरूद म्हणूनच मला सहन होत नाही. समूहगानाविषयी धोक्याची सूचना देणाऱ्याला आपण समूहगानाचा धनी करून टाकतो.

हीच गल्लत ‘ओब्वावा’ या त्याच्या शिकारीच्या गाण्याबाबतही होते. रशियन कवी-गायक व्लादिमीर विसोत्स्कीच्या लांडग्यांच्या गाण्यावरून ते सुचलं, म्हणून तेही ‘भाषांतर’ ठरवलं जातं. काच्मार्स्की दुसऱ्याच्या गाण्याला उत्तर देतो, ही त्याची रीतच होती. त्याला नुसतं ‘गायलेली कविता’ या खान्यात टाकणंही मला पटत नाही. पोलिश गायिका एवा देमार्चिक कवी तुविमच्या कविता गायची तेव्हा ते नाव चपखल होतं. काच्मार्स्की आपले शब्द आपण लिहून गिटारवर गात होता.

पुढचं आयुष्य थोडक्यात. प्शेमिस्वाव गिंत्रोव्स्की आणि झ्बिग्न्येव वापिन्स्की या संगीतकार साथीदारांसोबत त्याने ‘मुरी’, ‘राय’, ‘मुझेउम’ हे कार्यक्रम केले. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला तेव्हा तो फ्रान्समध्ये होता; घरी परतायला १९९० उजाडलं. मधली काही वर्षं म्युनिकला, कम्युनिस्ट देशांसाठी बाहेरून प्रसारण करणाऱ्या रेडिओ फ्री युरोपमध्ये, पुढे ऑस्ट्रेलियात. मग घशाच्या कर्करोगाने आवाज हिरावला, आणि १० एप्रिल २००४ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो ग्दान्स्कमध्ये गेला. संपकऱ्यांची सॉलिडॅरिटी जन्मली ती याच शहरात.

२०२० मध्ये मिन्स्कच्या रस्त्यांवर, सरकारविरोधी निदर्शनांत, हीच चाल बेलारुसी शब्दांत घुमली, तेव्हाही लोकांच्या ओठी होतं ते भिंती पाडण्याचं पालुपदच.