फेन्सिंगच्या फॉइल प्रकारात लाइट आधी पेटली म्हणजे पॉइंट मिळाला असं नाहीये

आमच्या कुडाळकडे शाळेतली पोरं आता फेन्सिंग म्हणजे तलवारबाजी खेळायला लागलीत, पण एक गैरसमज काही जात नाही, ज्याची लाइट आधी लागली त्याचा पॉइंट. परवा भाचा हेच सांगत होता, पॅरिस २०२४ ची पुरुषांची फॉइल फायनल दाखवून, "मामा, दोन्ही लाइट पेटल्या, मग पॉइंट का नाही दिला?"

तर बघा, फॉइलमध्ये लाइट पेटवणारं मशीन फक्त टोच, म्हणजे तलवारीचं टोक, लागली की नाही एवढंच सांगतं. टोकावर किमान ५०० ग्रॅमचा दाब लागतो, धडावर लागली तर रंगीत लाइट, हातापायावर किंवा मास्कवर लागली तर पांढरी, म्हणजे खेळ थांबतो पण पॉइंट नाही. एकाची टोच लागल्यावर दुसऱ्याला साधारण ०.३ सेकंद मिळतात, म्हणून दोन्ही लाइट सारख्या पेटत असतात. मग पॉइंट कोणाला ते रेफरी ठरवतो, आधी हल्ला कोणी सुरू केला, समोरच्याने तो तलवारीने अडवून उलटा वार केला का, हे बघून. दोघांचा हल्ला एकाच वेळी असेल तर कोणालाच नाही.

त्या फायनलला १४-१४ वर हेच झालं, रेफरीने व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला, शेवटी हाँगकाँगचा चेउंग का लाँग इटलीच्या फिलिपो माक्कीला १५-१४ ने हरवून गोल्ड घेऊन गेला. त्या निर्णयांवर इटलीवाले भडकले होते, त्यावर वाद घाला की, पण लाइटवरून नको.

दोन्ही लाइट पेटल्या की दोघांनाही पॉइंट मिळतो तो एपे या फेन्सिंगच्या दुसऱ्या प्रकारात, गोंधळ बहुतेक तिथूनच होतो.