भद्रावती (भांदक)

चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव व प्राचीन स्थळ. नागपूरहून चंद्रपूरला जाताना चंद्रपूरच्या अलीकडे सुमारे २६ किमी.वर लागते. जुने नाव भांदक. रेल्वे स्थानकाने ते अजून सोडलेले नाही. ही एके काळची राजधानी होती, यावर गावात कोणाचे दुमत नाही. कोणाची, असे विचारले की उत्तरे फुटतात.

पुराणकथा ऐकलेले लोक जैमिनी अश्वमेध या पांडवांच्या अश्वमेध यज्ञाची कथा सांगणाऱ्या ग्रंथातल्या यौवनाश्व राजाचे नाव घेतात. भीमाने श्यामकर्ण घोडा नेला तो याच भद्रावतीतून, म्हणतात. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ ते १८७५ दरम्यान मध्य प्रांतात फिरला आणि त्याने वेगळाच धागा धरला. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू युआन श्वांग याने कोसल (म्हणजे दक्षिण कोसल) देशात सुमारे १०० संघाराम, म्हणजे बौद्ध मठ, आणि १०,००० च्या आसपास भिक्षू असल्याचे लिहिले आहे. त्या देशाची राजधानी म्हणजे भांदक, असे कनिंगहॅमचे मत. आज अभ्यासकांचा कल छत्तीसगडातील सिरपूरकडे अधिक आहे. भांदकचा म्हणून ओळखला गेलेला भवदेव रणकेसरीचा बौद्ध शिलालेखही मुळात छत्तीसगडातल्याच आरंगचा असावा, असे इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी दाखवले. म्हणजे पुराव्याचा दगडच परगावचा निघाला. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. ७७२ चा ताम्रपट मात्र इथलाच.

राजधानीचा वाद बाजूला ठेवला तरी विजासन टेकडी उरतेच. गावापासून दीड-दोन मैलांवरच्या या टेकडीतील लेणे आखणीने अगदी वेगळे आहे. एक अरुंद दालन सरळ डोंगरात सुमारे ७१ फूट आत जाते. त्याला काटकोनात डावी-उजवीकडे आणखी दोन दालने फुटतात. तिन्हींच्या टोकाला गाभारा आणि त्यात बाकासारख्या आसनावर बसलेला भव्य बुद्ध. उन्हातून आत शिरले की आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की समोरच्या काळोखातून मूर्ती हळूहळू आकार घेते, आणि बाजूच्या दोन मूर्ती तर तिथवर चालत गेल्याशिवाय भेटत नाहीत. अजिंठ्याची चित्रे मनात धरून येणारा इथे हिरमुसतो. इथली कमाई त्या काळोखाची आणि चालण्याची आहे; विजेरी जवळ असावी, पण सारखी पेटती ठेवू नये.

लेणे केवळ पुरातत्त्वाचा विषय राहिलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात दीक्षा दिली. दोन्ही शहरांना जोडणाऱ्या वाटेवरच विजासन असल्याने ऑक्टोबरात आणि बुद्धपौर्णिमेला पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबे इथे उतरतात. मेणबत्ती लावून त्रिसरण म्हटले की आवाज दालनभर घुमतो. निवांत पाहायचे असेल तर हे दिवस टाळावेत. लेण्याचा आजचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर नेमके हेच गाठावेत.

गावात भद्रनागाचे मंदिर आणि जैनांचे पार्श्वनाथ मंदिर आहे; यात्रेकरूंची खरी वर्दळ तिथेच. तळ्यातल्या बेटावर जाणारा दगडी पूल सहसा पाहायचा राहून जातो. खांबांच्या दोन रांगा आणि त्यांवर टाकलेल्या जड तुळया, एवढीच त्याची रचना. कमान एकही नाही.