कोकणकडा सहा तुकड्यांत

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कॅमेरा तोकडा पडतो. घोड्याच्या नालेसारखा आत वळलेला कडा एका फ्रेममध्ये मावत नाही. डावं टोक घ्यावं तर उजवं सुटतं. मग डावीकडून उजवीकडे वळत एकापाठोपाठ एक फोटो काढायचे आणि नंतर ते जोडून एक रुंद चित्र करायचं. मी कॅमेरा उभा धरून सहा काढले. उभ्या फ्रेममध्ये माझ्या लेन्सला आडवं साधारण 45 अंश दिसतं. दर वेळी 30 अंश वळलं की शेजारच्या दोन फोटोंत एक तृतीयांश भाग सामाईक राहतो, आणि सहा फोटोंत 195 अंश भरतात.

मोबाइल हे काम एका टिचकीत करतो, कबूल. पण त्याचा जोड फसला तर तो कुठे फसला हे विचारायची सोय नाही. म्हणून मी ह्युगिन या मुक्त सॉफ्टवेअरसोबत येणारी कमांड लाइनवरची, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायची, छोटी अवजारं वापरतो. त्यांची पाळंमुळं जर्मनीतले प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी 1998 च्या सुमारास लिहिलेल्या ‘पॅनोरमा टूल्स’मध्ये आहेत. एकेका अवजाराला एकच काम, त्यामुळे चूक झाली तर ती कोणाच्या हातून झाली हे लगेच कळतं.

सहा फोटोंच्या प्रिंट काढून टेबलावर शेजारी शेजारी लावून बघा. कितीही सरकवा, डोंगराची रेघ पुढच्या फोटोतल्या रेघेला नीट भिडत नाही, कारण प्रत्येक फोटो वेगळ्या दिशेला तोंड केलेली एक सपाट काच आहे आणि काचेच्या कडेला दृश्य ताणलं जातं. त्यामुळे आधी शोधायचं असतं ते हे, की प्रत्येक फोटो काढताना कॅमेऱ्याचं तोंड नेमकं कुठे होतं.

पहिली आज्ञा ‘पीटीओ-जेन’. ती फोटोंची यादी, लेन्सची माहिती अशी एक प्रकल्प-फाइल तयार करते. दुसरी ‘सीपीफाइंड’. ही सामाईक भागातल्या खुणा हुडकते: खडकाची भेग, झुडपाचा कोपरा, घळीचं तोंड. खुणेभोवतीचा उजेड कुठल्या दिशेनं कसा बदलतो याचं आकड्यांत वर्णन करायचं आणि दुसऱ्या फोटोत तसंच वर्णन शोधायचं, ही युक्ती. फोटो थोडा कलला, लहानमोठा झाला तरी ओळख पटावी अशी ‘सिफ्ट’ नावाची पद्धत कॅनडातले डेव्हिड लो यांनी 1999 मध्ये मांडली आणि फोटो आपोआप जुळवण्याचा रस्ता मोकळा झाला. सीपीफाइंड त्याच घराण्यातलं.

कोकणकड्यावर इथेच गोची होते. खालून ढग वर येत असतात, आणि ढगाचा कोपरासुद्धा प्रोग्रॅमला पक्की खूण वाटतो. पुढच्या फोटोपर्यंत ढग सरकलेला असतो! यासाठी सीपीफाइंडला ‘सेलेस्टे’ हा पर्याय द्यायचा. तो ढगांवरच्या खुणा ओळखून काढून टाकतो. मग ‘सीपीक्लीन’ उरलेल्या चुकार जोड्या गाळतं.

ही प्रकल्प-फाइल साध्या मजकुराची असते. कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. ‘सी’ या इंग्रजी अक्षरानं सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक जोडी: अमुक फोटोतला हा ठिपका आणि तमुक फोटोतला तो ठिपका एकच आहे. अशा शेकडो साक्षी ‘ऑटोऑप्टिमायझर’पुढे येतात. प्रत्येक फोटो किती वळलेला, किती वर उचललेला, किती कललेला, हे तीन कोन तो थोडेथोडे हलवत राहतो आणि सगळ्या जोड्यांमधलं अंतर मिळून कमीत कमी झालं की थांबतो.

पण गणित कितीही चोख असलं तरी एका चुकीवर इलाज नाही, आणि ती मी केली होती. आपण कॅमेरा हातात धरून स्वतःभोवती फिरतो. फिरायला हवं ते लेन्सभोवती. समजा दोन फोटोंमध्ये लेन्स 10 सेंटिमीटर बाजूला सरकली. एक किलोमीटरवरच्या कड्याला त्याचा पत्ताही लागत नाही: 4000 पिक्सेल रुंद फोटोत जेमतेम अर्धा पिक्सेल. मात्र एक मीटरवर बसलेला माणूस मागच्या दृश्याच्या तुलनेत जवळजवळ 6 अंश, म्हणजे पाचशेएक पिक्सेल सरकतो. एक डोळा मिटून हाताचं बोट बघा, मग दुसरा मिटा, तीच गंमत. माझ्या पुढ्यात लाल टोपी घातलेला मित्र बसला होता.

पुढचं काम ‘नोना’चं. सहाही फोटो ती एका काल्पनिक पिंपाच्या आतल्या भिंतीवर रंगवते आणि पिंप उलगडून सपाट करते. 195 अंश सरळ सपाट कागदावर उतरवणं शक्यच नाही. 120 च्या पुढेच कडा भयानक ताणल्या जातात.

शेवटी ‘एनब्लेंड’, माझं सगळ्यात लाडकं अवजार. दोन फोटोंतलं आभाळ कधीच एका छटेचं नसतं. सांधा रुंद पट्ट्यात हळूहळू मिसळला तर आभाळ छान जुळतं, पण गवत दुहेरी, पुसट होतं. अरुंद ठेवला तर गवत नीट, आभाळात मात्र रेघ. पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन यांनी 1983 मध्ये यावर तोडगा दिला: चित्र जाड आणि बारीक थरांत वेगळं करा. रंगाचे मोठे, मंद चढउतार रुंद पट्ट्यात मिसळा, बारीक तपशील अरुंद पट्ट्यात, आणि थर पुन्हा एकत्र करा. एनब्लेंड हेच करतं. सांधा कुठून गेला ते मला, माहीत असूनही, आभाळात सापडलं नाही.

मित्र मात्र सापडला, दीड. एक अख्खा आणि शेजारी टोपीसकट उजवा खांदा. एका फोटोत त्याच्यावर मास्क टाकून, म्हणजे ‘हा भाग घेऊ नकोस’ असं सांगून, नोना आणि एनब्लेंड पुन्हा चालवलं. दहा मिनिटांत तो एकटा झाला. त्याला दोन्ही चित्रं पाठवली. त्यानं डीपीला दीडवालं लावलं आहे.