कॉम्प्युटर हँग झाला? पॉवरच्या बटणाला हात लावण्याआधी

महिन्याची २० तारीख जवळ आली, जीएसटीच्या रिटर्नची घाई सुरू झाली, की लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या दुकानातला फोन वाजू लागतो: "एक्सेल हँग झालंय, बटण दाबून बंद करू का?" कृपया करू नका. बटण दाबून धरलं की अडकलेल्या प्रोग्रॅमसोबत बाकीचे चालू प्रोग्रॅमही तुटतात आणि त्या क्षणी डिस्कवर लिहिली जाणारी फाइल खराब होऊ शकते. त्यात वर्षाचे हिशेब असतात, म्हणून इतक्या कळकळीने सांगतो.

आधी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर बहुधा जिवंत आहे, अडकलाय तो एखादाच प्रोग्रॅम. 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसलं म्हणूनही घाबरू नका. प्रोग्रॅमने ५ सेकंद प्रतिसाद दिला नाही की विंडोज तसं लिहितं. मोठ्या शीटची आकडेमोड चालू असेल, तर दोन-चार मिनिटांत तो आपणहून सुटतो.

नाहीच सुटला, तर आल्ट आणि एफ४ दाबून पाहा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं. तेही चाललं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. बाणांच्या बटणांनी अडकलेल्या प्रोग्रॅमवर जा आणि डिलीट दाबा; माउस चालत असेल तर 'एंड टास्क'. सेव्ह न केलेलं काम यात जाऊ शकतं, पण बाकीचे प्रोग्रॅम चालूच राहतात. ज्यांची नावं ओळखीची नाहीत, त्यांना मात्र हात लावू नका. खालची पट्टीच गोठली असेल तर 'विंडोज एक्सप्लोरर' निवडून 'रीस्टार्ट' करा.

टास्क मॅनेजरही दिसेना, तर कंट्रोल, आल्ट, डिलीट. तिथूनही तो उघडता येतो. स्क्रीन काळी पडली असेल तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी. स्क्रीन क्षणभर लुकलुकते, उघडं काम तसंच राहतं. मॅकवर अडकलेला प्रोग्रॅम बंद करायला कमांड, ऑप्शन, एस्केप.

एक्सेल पुन्हा उघडल्यावर डावीकडे बचावलेली फाइल दिसली, तर आधी ती नव्या नावाने सेव्ह करा. ही आपोआप होणारी नोंद सहसा दर १० मिनिटांनी होते. आम्ही ग्राहकांच्या मशीनवर ती ५ वर आणून देतो, पैसे घेत नाही.

कॅप्स लॉकचा दिवाही हलत नसेल आणि पाच-दहा मिनिटं थांबूनही काहीच झालं नाही, तरच पॉवरचं बटण दाबून धरा. आणि पुन्हा सुरू करण्याआधी आम्हाला फोन करा.