साठी बुद्धी नाठी? अजिबात नाही!

भाचीने वृद्धत्वशास्त्र शिकायचं काढलं तर दादरला घरात सगळे सुरू, साठी बुद्धी नाठी, त्यात शिकण्यासारखं काय, वृद्धाश्रमात सेवाच करायची ना. अहो नाही! शाय नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५६ ला सिएटलमध्ये अभ्यास सुरू केला, दर सात वर्षांनी त्याच माणसांना परत तपासायचं, आणि दिसलं काय तर डोक्याचा वेग लवकर मंदावतो पण शब्दांची जाण खूप उशिरापर्यंत टिकते, म्हणजे सगळी बुद्धी एकदम जात नाहीच. आणि नुसती सेवा पण नाही हो, संशोधन, आकडेवारी, सरकारी धोरण सगळं येतं यात. आपल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ ला ४५ च्या पुढचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर लोकांचा सर्व्हे केलाय, तब्येत, कमाई, घरची माणसं, सगळं विचारून.