ट्रायहेक्झिफेनिडिल

कंपवातातील (पार्किन्सन्स) थरथर कमी करण्यासाठी दिले जाणारे अ‍ॅसिटिलकोलीन-रोधक (म्हणजे मज्जातंतूंतले संदेश वाहणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाला अडवणारे) औषध. भारतात पॅसिटेन या नावाने ते अधिक ओळखले जाते.

अशा औषधांच्या गटाचे मूळ वनस्पतींत आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को कंपवाताच्या रुग्णांना हायोसायमीन देत. बेलाडोना या विषारी वनस्पतीतले हे द्रव्य आपल्याकडच्या धोत्र्यातही असते. धोत्रा पोटात गेलेल्या माणसाचे तोंड सुकते, बुबुळे विस्फारतात, तो असंबद्ध बरळू लागतो. या औषधांचे दुष्परिणामही त्याच जातीचे, फक्त सौम्य. ट्रायहेक्झिफेनिडिल हे प्रयोगशाळेत घडवलेले रसायन १९४९च्या सुमारास वापरात आले. १९६०च्या दशकाअखेर लेव्होडोपा हे अधिक परिणामकारक औषध आल्यावर त्याचे महत्त्व ओसरले.

कंपवातात मेंदूतील डोपामाइन हे हालचालींचे नियंत्रण करणारे रसायन घटते आणि त्याच्या तुलनेत अ‍ॅसिटिलकोलीनचा जोर वाढतो. हे औषध तो जोर रोखते. डोपामाइनची तूट मात्र भरून काढत नाही. म्हणून स्वस्थ बसल्यावर हलणारा हात पुष्कळदा शांत होतो, ताठरपणाही थोडा सैलावतो, पण सदऱ्याची गुंडी लावायला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही. हालचालींचा मंदपणा हा या आजाराचा गाभा, आणि तिथेच हे औषध तोकडे पडते.

लाळ गळणाऱ्या रुग्णाला तोंड कोरडे पडण्याचा फायदाच होतो. इतरांना मात्र पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरत नाही. अंधुक दिसणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता (जी कंपवातात आधीच असते) हे त्रास नेहमीचे. काही प्रकारच्या काचबिंदूत आणि प्रोस्टेट वाढलेली असताना हे औषध धोक्याचे ठरते. सर्वांत गंभीर परिणाम बुद्धीवर होतो: विसराळूपणा, गोंधळ, नसलेली माणसे दिसणे. म्हातारपणी हे सारे ‘वयोमानाने’ झाले असे घरचे समजतात आणि गोळी चालूच राहते. त्यामुळे वृद्धांना, विशेषतः स्मृतिभ्रंश असलेल्यांना, ते शक्यतो देत नाहीत. थरथर हीच मुख्य तक्रार असलेल्या तरुण रुग्णांना देतात.

सुरुवात १ मिलिग्रॅमपासून करून मात्रा हळूहळू वाढवतात. बंद करतानाही ती टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते, नाहीतर थरथर आणि ताठरपणा एकदम उसळतात.

मनोविकारांवरील हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांमुळे मान वाकडी होणे, अंग आखडणे असे त्रास झाल्यास त्यांवरही हीच गोळी देतात. आपल्याकडे तिचा मोठा वापर आज तिथेच दिसतो.