पानांच्या काढ्यात चांदी पिवळी का दिसते?

‘औषधी पानांपासून चांदीचे नॅनोकण’ (मीटरच्या काही अब्जांश भागांएवढे कण) अशी बातमी आली की मला दोन-तीन फॉरवर्ड हमखास येतात. पानांपासून चांदी होत नाही हो! चांदी येते सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षारातून, पानं फक्त इलेक्ट्रॉन पुरवतात.

पण प्रयोग देखणा आहे. चंचुपात्रात सिल्व्हर नायट्रेटचं विरळ द्रावण, पाण्यासारखं नितळ. त्यात पानं उकळून गाळलेला काढा घालायचा. हळूहळू पिवळसर झाक येते, मग मधाचा रंग, शेवटी तपकिरी.

चांदीच्या आयनाला अणू व्हायला एक इलेक्ट्रॉन कमी पडतो. काढ्यातल्या पॉलिफिनॉल या वनस्पतीजन्य संयुगांच्या रेणूंवर बऱ्याचदा दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी-शेजारी असतात. अशी जोडी दोन इलेक्ट्रॉन सोडून क्विनोन बनते आणि दोन आयनांचं क्षपण होतं, म्हणजे ते इलेक्ट्रॉन घेऊन अणू बनतात. सुटे अणू एकमेकांना बिलगतात, त्यांचं बीज तयार होतं, बीजावर आणखी अणू चढतात. 10 नॅनोमीटर व्यासाच्या कणात साधारण 30 हजार अणू मावतात. ही वाढ आवरली नाही, तर तळाशी नुसता काळपट गाळ. इथेच काढ्याची खरी करामत आहे: त्यातली प्रथिनं आणि इतर रेणू कणाला चिकटून त्याच्याभोवती आवरण धरतात.

आता रंग. धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीसोबत सगळे मिळून मागे-पुढे हेलकावतात. चांदीच्या बारीक गोल कणांत हा हेलकावा 400 ते 420 नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरींशी जुळतो. म्हणजे जांभळा-निळा प्रकाश शोषला जातो आणि डोळ्याला पिवळा दिसतो. कण मोठे झाले किंवा त्यांच्या गुठळ्या झाल्या की शोषण लाल बाजूला सरकतं. काढ्याचा स्वतःचा रंगही मिसळतोच. सोन्याचे कण 520च्या आसपास हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून ते द्रावण माणकासारखं लाल. मायकेल फॅरडेने 1857 सालीच या लाल द्रावणावर निबंध वाचला होता.

पानांच्या या पद्धतीला ‘हरित’ म्हणतात ते हायड्राझिनसारखी विषारी क्षपणकं (इलेक्ट्रॉन देणारी रसायनं) टळतात म्हणून. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 2004च्या सुमारास कडुनिंब आणि गवती चहावर असं काम झालं. गवती चहाच्या काढ्यात तर सोन्याचे चपटे त्रिकोण मिळाले! त्यानंतर मात्र ‘नवी वनस्पती, नवा शोधनिबंध’ असा कारखानाच सुरू झाला. खरी डोकेदुखी तशीच राहिली: पानांतली रसायनं ऋतूनुसार आणि मातीनुसार बदलतात, त्यामुळे दर खेपेला कणांचा आकार सारखा येईलच असं नाही.

आणि त्या फॉरवर्डमधलं ‘औषधी’? जिवाणू मरतात ते मुख्यतः चांदीच्या आयनांमुळे. तेच आयन सांडपाण्यातून गेले तर माशांनाही सोडत नाहीत. ‘नैसर्गिक’ म्हणून कलिली चांदी (पाण्यात तरंगणारे चांदीचे बारीक कण) रोज पिणाऱ्या काहींची त्वचा निळसर-राखाडी झाली आहे. त्याला आर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग सहसा जात नाही.